माझ्याकडचे चौघे

दहा हजार मीटरला आम्ही सातजण बसतो
अंतिम रेषेच्या आत, गवतावर, घडीच्या टेबलांशी.
प्रत्येकाकडे चार धावपटू, एक कागद, दोन पेन्सिली.
पेन चालत नाही. पाऊस आला तर शाई ओघळते.

यंत्रं आहेतच.
छातीवरच्या नंबरात चिप असते,
पडद्यावर सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो.
यंत्र रुसलं तर म्हणून आम्ही.
बावीस वर्षांत ते एकदाच रुसलं,
तेही शाळेच्या मुलांच्या शर्यतीत.

त्याआधी मी हेलसिंकीच्या ट्राममध्ये तिकिटं तपासायचो.
एकाच वाटेने परत परत येणाऱ्यांची
मला सवय आहे.

आज माझ्याकडे एक स्पेनचा, एक जपानचा, एक कॅनडाचा
आणि चौथा लेसोथोचा : रांथिमो, मोत्लात्सी.
नाव दोनदा वाचलं, तोंडात बसेना.
तो देश दुसऱ्या एका देशाच्या पोटात आहे
आणि तिथे बर्फ पडतो,
एवढंच ठाऊक.

पहिल्या चार फेऱ्या सगळे एका चादरीखाली.
वारा अंगावर घ्यायला कुणीच पुढे होईना.
पाचवीला कुणीतरी गाठ सोडली
आणि घोळक्याचा दोरा झाला, लांब, मग विरविरीत.
स्पेनचा चौदाव्या फेरीत बरगडी दाबत बाहेर गेला.
मी त्याच्या रकान्यात रेघ मारली.
रेघ मारताना वर बघायचं नाही,
असा नियम नाही. मी पाळतो.

रांथिमो :
सत्तर. सत्तर. एकाहत्तर. सत्तर.
पाढा म्हणावा तसा,
न अडखळता, न आवाज चढवता.
पुढे पळणारे येतात तेव्हा ट्रकमधून खडी ओतल्यासारखं वाजतं.
तो यायचा तेव्हा,
शेजारच्या घराचं दार कुणी वाजवतंय असं वाटायचं.

तेविसावी फेरी त्याची, चोविसावी त्यांची,
रेषेपाशी एकाच वेळी संपली.
चौघे त्याच्या उजवीकडून निघून गेले
आणि ओस्मोने घंटा बडवली
अगदी त्याच्या कानाशी.
सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं.
त्याचे खांदे क्षणभर वर आले,
एक पाऊल लांब पडलं,
मग त्याने ते परत मापात घेतलं.
घंटा त्याची नव्हती.
त्याला अजून दोन होत्या.

मग कुणीतरी जिंकलं.

झेंडे पांघरलेली माणसं आतल्या लेनमध्ये आली,
मागे फोटोवाले, मागे कुत्र्याच्या बाहुलीचा वेश केलेला एक पोरगा.
ओस्मो घंटेची जीभ फडक्यात गुंडाळत होता.
त्या सगळ्यांना वळसा घालत
दुसऱ्या लेनमधून दार वाजत आलं.

मी उभा राहिलो. बसून हात दिसला नसता.
एक बोट वर केलं.
त्याने मान हलवली नाही.
कमरेपाशी, पळता पळता,
त्यानेही एक बोट काढून दाखवलं.

एकसष्ट.
मी घड्याळ पुन्हा पाहिलं.
विजेत्याची शेवटची चोपन्नची होती, ती जगाने पाहिली.
ही एकसष्टची, माणसांतून वाट काढत,
पडद्यावर कुणाची तरी आई रडत असताना.
मी आकडा लिहिला तर पेन्सिलीचं टोक मोडलं.
दुसरीने पुन्हा गिरवला.

कागद लिफाफ्यात जातात. लिफाफा कोण उघडतं,
कधीच विचारलं नाही.

घरी सिर्काने सूप गरम करायला ठेवलं होतं.
कोण जिंकलं, म्हणाली.
मी बूट काढत होतो.
म्हटलं, माझ्याकडे नव्हता तो.